मालवणला स्कूबासाठी जाताना स्वस्त आणि सोयीचा मुक्काम कसा ठरवावा : खानदेशातील कुटुंबांसाठी सविस्तर मार्गदर्शक

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारहून मालवणला निघालेले कुटुंब मुक्काम ठरवताना सहसा भाड्यापासून सुरुवात करते. भाडे महत्त्वाचे आहेच, परंतु मालवण, तारकर्ली आणि देवबाग या पट्ट्यात जाणारे बहुतेक जण स्कूबासाठी, म्हणजे हवेची टाकी घेऊन समुद्राच्या पोटात उतरण्यासाठी जातात, आणि त्या एका सकाळी शरीर ताजेतवाने, पोट हलके आणि कान मोकळे असावे लागतात. म्हणून स्वस्त खोली शोधताना आधी समुद्रात उतरण्याचा दिवस पक्का करावा आणि मग गाडीचे आरक्षण, खोलीची जागा, जेवण आणि परतीचा रस्ता हे सर्व त्या दिवसाच्या मागेपुढे बसवावे, असे माझे ठाम मत आहे. हा क्रम उलटा झाला की खोली स्वस्त मिळते, पण रात्रभराच्या प्रवासाने शिणलेली, सर्दीने कान बंद झालेली माणसे बोटीत बसतात आणि पाण्यात उतरताच वर येतात.

हंगाम आणि तारखा

पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, जलक्रीडा बंद असतात आणि सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्याही थांबतात. त्या काळात खोल्या अगदी कमी भाड्यात मिळतात, पण स्कूबासाठी त्यांचा उपयोग नाही. पाऊस सरल्यानंतरही काही काळ पाणी गढूळ राहते, कारण नद्यांनी आणलेला गाळ किनाऱ्याजवळ तरंगत असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ पाण्याच्या स्वच्छतेच्या आणि हवेच्या दृष्टीने सर्वांत सुखाचा. मार्च ते मे या महिन्यांतही स्कूबा चालते, पण तेव्हाचा उकाडा आपल्या उन्हाळ्यापेक्षा वेगळा असतो. भुसावळ-जळगावला पारा पंचेचाळीसवर गेला तरी सावलीत घाम वाळतो, तर मालवणात पारा पस्तिशीच्या आतबाहेर असूनही घाम अंगावरच राहतो. रात्री कूलर लावून झोपण्याची आपली सवय तेथे कामाची नाही, कारण दमट हवेत कूलर थंडावा देत नाही. मे महिन्यात जाणार असाल आणि सोबत लहान मुले किंवा वृद्ध असतील, तर एसीच्या खोलीसाठी जादा पैसे मोजावेत. हिवाळ्यात मात्र पंखा आणि समोरासमोर दोन खिडक्या असलेली खोली पुरेशी होते, आणि तेथे एसीचे पैसे सरळ वाचवावेत.

दिवाळीची सुट्टी, नाताळ ते नववर्ष, मे महिना आणि जोडून आलेल्या शनिवार-रविवारी भाडे दुपटीपर्यंत जाऊ शकते. याखेरीज खानदेशातील प्रवाशांच्या सहसा ध्यानात न येणारी एक गर्दी आहे, ती म्हणजे मालवण तालुक्यातील आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा. ही जत्रा साधारणपणे फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास भरते, पण तिची तारीख पंचांगातील तिथीवरून ठरत नाही, तर दरवर्षी देवीचा कौल घेऊन ठरवली जाते. त्यामुळे मागील वर्षाच्या तारखेवरून अंदाज बांधता येत नाही. मुंबईतील चाकरमानी लाखोंच्या संख्येने येतात, कोकण रेल्वेची आरक्षणे भरतात आणि मालवणपासून कणकवलीपर्यंत खोली मिळणे कठीण होते. त्या दोन महिन्यांत जाण्याचा विचार असेल, तर खोली ठरवण्यापूर्वी जत्रेची जाहीर झालेली तारीख आवर्जून पाहावी.

आठवड्याच्या मधल्या दिवशी, म्हणजे सोमवार ते गुरुवार, मुक्काम ठेवला तर भाड्यात घासाघीस करता येते. शिवाय स्कूबाच्या ठिकाणी बोटींची गर्दी कमी असल्याने प्रशिक्षक घाई करत नाहीत, आणि मला हा दुसरा लाभ पहिल्यापेक्षा मोठा वाटतो.

खानदेशातून पोहोचणे

जळगाव-धुळ्याहून मालवण हे रस्त्याने सातशे किलोमीटरांच्या आसपास किंवा त्याहून अधिक पडते. स्वतःच्या गाडीने जाणारे बहुतेक जण पुणे, कोल्हापूर करत फोंडा घाटाने किंवा गगनबावड्याच्या बाजूने खाली उतरतात आणि मुंबई-गोवा महामार्गावरील कसाल येथून मालवणकडे वळतात. हे अंतर एका दमात कापून दुसऱ्या सकाळी समुद्रात उतरू नये. पुण्यात किंवा कोल्हापुरात एक रात्र काढावी, किंवा मालवणला पोहोचल्यानंतरचा एक दिवस पूर्ण विश्रांतीचा ठेवावा.

रेल्वेने जाणाऱ्यांना भुसावळ-जळगावहून कल्याण, ठाणे किंवा दादर गाठून तेथून कोकण रेल्वेची गाडी धरणे हा रुळलेला मार्ग आहे. मालवणला रेल्वेस्थानक नाही. सर्वांत सोयीचे स्थानक कुडाळ, जे साधारण तीस किलोमीटरवर आहे. सिंधुदुर्गनगरी आणि कणकवली हे इतर पर्याय होत. कोकणकन्या आणि तुतारी या रात्रीच्या गाड्या सकाळी सिंधुदुर्गात पोहोचवतात. मंगला एक्स्प्रेस ही भुसावळ-जळगाववरून येऊन कल्याण, पनवेलमार्गे थेट कोकणात जाणारी गाडी असल्याने ती गाडी बदलण्याचा त्रास वाचवते. तिचे आरक्षण करताना सिंधुदुर्गातील कोणत्या स्थानकावर थांबा आहे आणि किती वाजता, हे चालू वेळापत्रकात पाहून घ्यावे. कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक वेगळे असते, त्यामुळे ऑक्टोबरात जाणाऱ्यांनी वेळ दोनदा पडताळावी. धुळेकरांना चाळीसगावहून मुख्य मार्गावरील गाडी मिळते, तर नंदुरबारकरांना सुरत गाठून वसईमार्गे कोकणात जाणाऱ्या गाड्यांचाही विचार करता येतो.

आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते. मध्यरात्रीच्या सुमारास दादरहून सुटणाऱ्या गाडीचे तिकीट काढताना तारखेची गफलत फार होते. शुक्रवारी रात्री जेवून स्थानकावर जाणाऱ्या माणसाची गाडी बारानंतर सुटत असेल, तर तिकिटावर तारीख शनिवारची हवी. ही चूक झाली की आरक्षण वाया जाते आणि मालवणातील खोलीची पहिली रात्रही हातची जाते.

कुडाळहून मालवणला एसटी आणि रिक्षा दोन्ही मिळतात. एसटीत महिलांना निम्मे तिकीट आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास असल्याने पाच-सहा जणांच्या कुटुंबाची रक्कम लक्षणीय वाचते. सामान फार असेल किंवा गाडी पहाटे पोहोचत असेल, तर निवासाच्या मालकांनाच रिक्षा पाठवायला सांगावे आणि भाडे फोनवर ठरवून घ्यावे. स्थानकाबाहेर "चला, स्वस्त रूम दाखवतो" असे सांगणाऱ्याबरोबर जाऊ नये. त्याचा मोबदला शेवटी आपल्याच भाड्यात मिळवला जातो.

कोणत्या भागात राहावे

मालवण शहर, चिवला किनारा, दांडी, वायरी, तारकर्ली आणि देवबाग ही नावे जाहिरातीत एकमेकांच्या जागी वापरली जातात, पण मुक्कामाच्या दृष्टीने त्यांत पुष्कळ अंतर आहे.

एसटीने किंवा रेल्वेने आलेल्या, स्वतःचे वाहन नसलेल्या कुटुंबाने मालवण शहरात किंवा दांडीच्या बाजूला राहावे, असे मी सुचवेन. बाजार, औषधांची दुकाने, दवाखाना, एटीएम, खानावळी आणि किल्ल्याकडे होड्या सुटतात तो धक्का हे सारे पायी गाठता येते. स्कूबाच्या अनेक बोटी याच बाजूने निघतात, कारण उथळ डुबकीच्या जागा सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकाळ भागात आहेत. शहरातील लॉजमधून समुद्र दिसेलच असे नाही, पण खोलीत आपण झोपायलाच येणार असू तर त्या दृश्याचे पैसे का मोजावेत? दांडीच्या किनाऱ्यावर पहाटे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढली जात असेल तर ती जरूर पाहावी, मात्र पसरलेल्या जाळ्यांवरून चालू नये.

तारकर्ली शहरापासून सात-आठ किलोमीटरवर आहे. किनारा लांब, पांढऱ्या वाळूचा आणि मोकळा आहे. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान आणि त्यांची स्कूबा प्रशिक्षण संस्था येथेच आहे. ज्यांना केवळ एक डुबकी न मारता रीतसर प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम करायचा आहे, त्यांनी त्या संस्थेच्या जवळपास काही दिवसांचा मुक्काम ठरवावा, कारण असा अभ्यासक्रम एका सकाळीत होत नाही.

देवबाग ही कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधली जमिनीची अरुंद पट्टी आहे. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि टोकाला दोहोंचा संगम. जागा अतिशय देखणी आहे, घरगुती निवासही पुष्कळ आहेत, पण संध्याकाळनंतर बस कमी होतात आणि औषधाच्या गोळीसाठीही लांब जावे लागू शकते. गाडी सोबत असेल तर देवबाग निवडावे. आजारी किंवा वृद्ध माणूस बरोबर असेल तर शहर निवडावे.

फोनवर काय विचारावे

स्वस्त निवास मालवणात प्रामुख्याने दोन प्रकारचे आहेत : शहरातील लॉज आणि कुटुंबाने आपल्याच घराला जोडून बांधलेल्या खोल्या. दुसऱ्या प्रकारात फोन बहुधा घरातील काकू किंवा त्यांचा मुलगा उचलतो, आणि नीट विचारले तर ही मंडळी खरे सांगतात. संकेतस्थळावर खोली पाहावी, पण ठरवण्यापूर्वी एकदा थेट फोन करावाच. मध्यस्थाचे कमिशन वाचल्यामुळे काही मालक थेट ठरवणाऱ्याला भाडे कमी करून देतात, आणि बोलण्यावरून माणसांचाही अंदाज येतो.

विचारण्याची पद्धत अशी ठेवावी : "काकू, आम्ही जळगावहून येतोय, चार मोठी आणि दोन मुलं. गाडी सकाळी सातला कुडाळला पोहोचेल. तेव्हा खोली मिळेल का, की बारापर्यंत थांबावं लागेल?" हा पहिलाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. रात्रीच्या गाडीने आलेले कुटुंब सकाळी आठला दारात उभे राहते आणि खोली दुपारी बाराशिवाय मिळत नाही, असे वरचेवर होते. निदान सामान ठेवण्याची, आंघोळीची आणि मुलांना आडवे होण्याची सोय आहे का, हे आधीच विचारावे. काही ठिकाणी २४ तासांचा हिशेब असतो, काही ठिकाणी सकाळी दहाला खोली सोडावी लागते, आणि या दोहोंत मोठा फरक आहे.

त्यानंतर पाण्याविषयी विचारावे. किनाऱ्यालगतच्या विहिरींना आणि बोअरला मचूळपणा असू शकतो. अशा पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि समुद्रातून आल्यावर अंगाचा खारटपणा जात नाही. "आंघोळीचं पाणी गोडं आहे का, आणि पिण्याचं पाणी कुठलं?" असे स्पष्ट विचारावे. समुद्रातून आल्यावर पाय आणि अंग धुण्यासाठी अंगणात नळ आहे का, ओले कपडे वाळत घालायला दोरी आणि ऊन येणारी जागा आहे का, वीज गेल्यास इन्व्हर्टरवर निदान पंखा चालतो का, आणि सर्वजण एकाच खोलीत मावणार असतील तर जादा गादीचे किती, हेही विचारून घ्यावे. शौचालय खोलीला जोडून आहे की सामाईक, आणि खोली तळमजल्यावर मिळेल का, हे गुडघेदुखी असलेल्या आजी-आजोबांसाठी विचारणे आवश्यक आहे.

भाड्याची तुलना निव्वळ आकड्याने करू नये. उदाहरणादाखल, एक खोली १,२०० रुपयांना आहे, पण ती शहरापासून दूर असून न्याहारी धरलेली नाही, आणि दुसरी १,६०० रुपयांना न्याहारीसह धक्क्याजवळ आहे, असे समजा. चार जणांची न्याहारी आणि दोन वेळचे रिक्षाभाडे मिळवले की पहिली खोली दुसरीपेक्षा महाग पडते. कराचेही विचारून घ्यावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत भाडे असलेल्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे. नोंदणी नसलेल्या छोट्या घरगुती निवासाला जीएसटी आकारता येत नाही. बिलावर जीएसटी क्रमांक नसताना कर लावला असेल, तर नम्रपणे तो क्रमांक मागावा.

आगाऊ रक्कम भरताना सारे भाडे एकदम पाठवू नये. यूपीआयवर दिसणारे नाव आणि फोनवर बोललेल्या व्यक्तीचे नाव जुळते का, हे पाहावे. नकाशावरील निवासाच्या नावाखाली भलत्याच माणसाचा क्रमांक टाकून आगाऊ रक्कम उकळण्याचे प्रकार घडतात, म्हणून खोलीचा ताजा व्हिडिओ आणि अंगणाचा फोटो मागवावा. खरा मालक तो आनंदाने पाठवतो. तारीख, खोल्यांची संख्या, माणसांची संख्या, ठरलेले भाडे, भरलेली रक्कम आणि रद्द केल्यास काय परत मिळेल, हे सर्व एका संदेशात लिहून त्यावर "हो" असे उत्तर घ्यावे. पुढे वाद झाल्यास हा एक संदेश पुरतो.

ओळखपत्र प्रत्येक प्रौढ व्यक्तीचे न्यावे. आधारची प्रत द्यायची झाल्यास पहिले आठ अंक झाकलेली प्रत द्यावी. ती आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरून उतरवून घेता येते.

खोलीत शिरल्यावर

सामान उघडण्यापूर्वी दहा मिनिटे देऊन खोली तपासावी. प्रथम दार लावून वास घ्यावा. समुद्रकाठच्या बंद खोलीत भिंतींना ओल धरते आणि बुरशीचा वास गादीत मुरतो. दम्याचा त्रास असलेल्यांनी अशा खोलीत एक रात्रही काढू नये, दुसरी खोली मागावी. गादीवरची चादर उचलून शिवणींच्या कडा पाहाव्यात. ढेकूण असतील तर तेथे काळसर ठिपके दिसतात. खिडक्यांना जाळी आहे का, दाराची कडी आतून नीट बसते का, गिझर चालू करून पाणी खरोखर तापते का आणि मोरीचे पाणी तुंबत तर नाही ना, हे पाहावे. खारट हवेने लोखंड गंजते, म्हणून स्वस्त खोलीत कड्या, नळ आणि पंख्याचे रेग्युलेटर यांचीच अधिक तक्रार असते. गिझरचे बटण दाबताना पाय कोरडे असावेत आणि पाणी तापल्यावर बटण बंद करूनच आंघोळीला जावे.

तक्रार असेल तर ती पहिल्या तासातच, शांतपणे आणि थेट मालकांना सांगावी. घरगुती निवासात माणसे आपल्याच अंगणात वावरत असतात, त्यामुळे आवाज चढवून काही साधत नाही.

जेवणाची व्यवस्था

मालवणी स्वयंपाक नारळावर उभा आहे, तर आपला शेंगदाणा, तीळ आणि तिखट काळ्या मसाल्यावर. मासे खाणाऱ्यांना येथे काही सांगावे लागत नाही. इतकेच ध्यानात ठेवावे की घरगुती खानावळीत मासे सकाळच्या बाजारातून आणले जातात, म्हणून दुपारच्या जेवणाची संख्या सकाळीच सांगावी आणि थाळीत कोणता मासा आहे आणि त्याचे किती, हे विचारूनच होकार द्यावा. माशाचा भाव रोज बदलतो, आणि वाद बहुधा न विचारता घेतलेल्या पापलेट किंवा सुरमईवरून होतो.

खानदेशातून येणाऱ्या कित्येक घरांत माळकरी किंवा पूर्ण शाकाहारी माणसे असतात. त्यांनी "शाकाहारी जेवण मिळतं का?" एवढाच प्रश्न विचारून थांबू नये. भांडी वेगळी ठेवतात का आणि तळणाचे तेल वेगळे असते का, हेही विचारावे. काळ्या वाटाण्याची उसळ, हंगामात ओल्या काजूची उसळ, घावणे, आंबोळी आणि सोलकढी हा उत्तम शाकाहारी आहार आहे, पण तो आदल्या दिवशी सांगितला तरच नीट मिळतो. पूर्ण शाकाहार पाळणाऱ्यांसाठी मालवण बाजारात निव्वळ शाकाहारी खानावळ शोधून तिच्या जवळ खोली घेणे श्रेयस्कर. प्रवासासाठी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लाडू घरून नेले तर दोन वेळा सहज निघतात. मात्र दमट हवेत दशम्या आपल्याकडच्याइतक्या टिकत नाहीत, दुसऱ्या दिवशीच संपवाव्यात.

स्कूबा ठरवणे

निवासाचे मालक "खोली, जेवण, स्कूबा, पॅरासेलिंग, बनाना राइड" असे सारे एकत्र करून एकच रक्कम सांगतात. माझा सल्ला असा की खोली आणि स्कूबा यांचे व्यवहार वेगळे ठेवावेत, निदान दोहोंचे आकडे वेगळे मागावेत. खोली वाईट निघाली तर एक रात्र खराब होते, स्कूबा चालवणारा बेफिकीर निघाला तर जिवाशी गाठ पडते. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला होता. तेव्हापासून तरी प्रत्येकाने बोटीत पाय ठेवण्यापूर्वी लाइफ जॅकेट अंगात घालून पट्टे आवळावेत. ते सीटखाली ठेवून उपयोग नाही. बोटीला महाराष्ट्र सागरी मंडळाची परवानगी आहे का, बोटीत किती माणसांची क्षमता लिहिली आहे आणि प्रत्यक्षात किती बसवली जात आहेत, हे विचारायला संकोच करू नये. गर्दी दिसली तर पुढच्या फेरीला जाऊ म्हणावे.

पाण्याखाली प्रत्येकाबरोबर एक प्रशिक्षक असतो का, प्रत्यक्ष पाण्याखालचा वेळ किती मिनिटांचा, फोटो आणि व्हिडिओचे पैसे धरलेले आहेत का, आणि समुद्र खवळला तर पैसे परत मिळतात की दुसरा दिवस, हे चार प्रश्न आगाऊ रक्कम देण्यापूर्वी विचारावेत. "एक तासाची स्कूबा" असे सांगितले जाते तेव्हा त्यात बोटीचा प्रवास, सराव आणि कपडे बदलणे हे सर्व धरलेले असते.

पोहता न येणारा माणूसही ही प्राथमिक डुबकी घेऊ शकतो, कारण प्रशिक्षक त्याला धरून असतो. परंतु हृदयविकार, दमा, अपस्मार, कानाची शस्त्रक्रिया किंवा पडद्याला छिद्र, फुफ्फुसाचा विकार यांपैकी काही असेल तर घरूनच डॉक्टरांचा सल्ला घेऊन निघावे आणि भरून घेतल्या जाणाऱ्या अर्जात खरे लिहावे. गरोदर स्त्रियांनी समुद्रात उतरू नये.

आपल्याकडे पुष्कळ जण विहिरीत सूर मारून किंवा गिरणा-तापीच्या डोहात पोहायला शिकलेले असतात आणि पाण्याखाली श्वास रोखून धरण्याची त्यांना पक्की सवय असते. स्कूबामध्ये हीच सवय धोक्याची ठरते. टाकीतील हवा आजूबाजूच्या पाण्याच्या दाबाने मिळत असते. दहा मीटर खोलीवर एकूण दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. खालून भरून घेतलेला श्वास रोखून वर आले, तर दाब कमी होताना ती हवा फुगते आणि फुफ्फुसाला इजा होऊ शकते. म्हणून तोंडातील नळीतून श्वास अखंड घेत आणि सोडत राहणे हा पहिला नियम आहे. पट्टीच्या पोहणाऱ्याला तो नवशिक्यापेक्षाही अधिक जाणीवपूर्वक पाळावा लागतो.

कानांचे गणितही दाबाचेच. दाबामुळे हवेच्या आकारमानात सर्वांत मोठा फरक पहिल्या काही मीटरांतच पडतो, त्यामुळे दोन-तीन मीटरवरच कान दुखू लागतात. नाक चिमटीत धरून तोंड मिटावे आणि हलकेच नाकातून हवा ढकलावी. कानात "टक्" असा आवाज होऊन दाब सारखा होतो. हे दुखण्याआधी, दर मीटरभराने करायचे असते, आणि जोर लावायचा नसतो. सर्दी असेल तर नाकातून कानाकडे जाणारी हवेची वाट सुजलेली असते आणि कान मोकळे होत नाहीत. रात्रभर एसी डब्यात वरच्या बर्थवर थेट झोतात झोपून आलेल्या माणसाला सकाळी नाक चोंदलेले जाणवते, त्याचे कारण बहुधा थंड, कोरडी हवा असते. पोहोचल्याच्या दिवशी स्कूबा ठेवू नये असे मी वर म्हटले, त्यामागे हेही कारण आहे. तो दिवस सिंधुदुर्ग किल्ल्याला द्यावा. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर त्याच्या बांधकामाला आरंभ केला. समुद्राने वेढलेल्या या किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, आणि तापीकाठच्या माणसाने त्यातले पाणी एकदा निरखून पाहावेच.

आदल्या रात्री मद्य वर्ज्य करावे, जेवण हलके ठेवावे आणि लवकर झोपावे. सकाळी बोटीच्या दीड-दोन तास आधी घावणे किंवा पोहे असे थोडे खावे. उपाशीपोटी बोट अधिक लागते आणि भरल्या पोटीही लागते. बोट लागण्याची सवय असलेल्यांनी डॉक्टरांनी सांगितलेली गोळी वेळेवर घ्यावी. दाट मिशा असतील तर मास्कच्या कडेतून पाणी झिरपते, ते आधीच प्रशिक्षकाला सांगावे. चष्मा, अंगठ्या, सोन्याची साखळी आणि मंगळसूत्र खोलीतील कपाटापेक्षा घरीच ठेवून आलेले बरे.

येथील समुद्राचा काही भाग १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्य म्हणून घोषित आहे आणि प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. प्रवाळ हा दगडासारखा दिसला तरी सजीव आहे. त्यावर पाय टेकू नये, तुकडा तोडू नये, आणि फोटोत मासे भोवती यावेत म्हणून कोणी पाव टाकू लागला तर त्याला नको म्हणावे.

राखीव दिवस आणि परतणे

समुद्र कोणाच्या आरक्षणाला बांधील नसतो. वारा सुटला की बोटी बंद होतात. म्हणून किमान तीन रात्रींचा मुक्काम धरावा : पहिला दिवस विश्रांती आणि किल्ला, दुसरा स्कूबा, तिसरा राखीव. दुसऱ्या दिवशी स्कूबा झाली तर तिसरा दिवस देवबागच्या संगमाला किंवा बाजारातून खाजे, आमसुले आणि काजू घेण्याला द्यावा. दोनच रात्री परवडत असतील, तर राखीव दिवस ठेवण्यासाठी एसीचे किंवा समुद्र दिसणाऱ्या खोलीचे पैसे वाचवावेत, दिवस वाचवू नये.

हा तिसरा दिवस आणखी एका कारणाने लागतो. दाबाखाली श्वास घेतल्याने शरीरात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो, आणि तो निघण्याआधी उंचीवर, कमी दाबात गेल्यास त्रास होऊ शकतो. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेच्या शिफारशीनुसार एका साध्या डुबकीनंतर विमानप्रवासापूर्वी किमान १२ तास आणि एकाहून अधिक डुबक्यांनंतर किमान १८ तास थांबावे. चिपी विमानतळ मालवणहून अगदी जवळ आहे म्हणून सकाळी स्कूबा आणि दुपारी विमान असा बेत करू नये. घाटालाही हाच विचार लावावा, कारण आंबोलीसारखे ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर आहे. काही मीटरांच्या उथळ डुबकीत धोका अल्प असतो, तरी एक रात्र मालवणात झोपून मग घाट चढणे हेच शहाणपणाचे आहे. वर आल्यानंतर सांधे दुखणे, त्वचेला मुंग्या, चक्कर किंवा धाप जाणवली, तर थकवा समजून झोपू नये. थेट रुग्णालय गाठावे आणि स्कूबा केल्याचे डॉक्टरांना सांगावे.

खोली सोडण्याच्या सकाळी कधीही समुद्रात उतरू नये. दहाला खोली सोडायची असते, बोट साडेदहाला परतते, आणि मग ओल्या कपड्यांनिशी कुटुंब अंगणात बसून राहते. आदल्या संध्याकाळी सर्व कपडे गोड्या पाण्यातून काढून वाळत घालावेत. खारट पाण्यातले कपडे दमट हवेत वाळतच नाहीत, कारण मीठ ओलावा ओढून घेते. तरीही काही ओले राहिलेच तर त्यांसाठी दोन जाड प्लास्टिकच्या पिशव्या घरूनच न्याव्यात. बिल आदल्या रात्रीच मागून भरलेली आगाऊ रक्कम वजा झाली आहे का, जेवणाच्या थाळ्या बरोबर मोजल्या आहेत का, हे पाहावे आणि पैसे चुकते करावेत, म्हणजे पहाटे कुडाळची रिक्षा दारात आल्यावर घरच्या मंडळींना झोपेतून उठवून हिशेब करावा लागत नाही.